भात वाळत घातलेला रस्ता

भात पिकू लागलं की आधी त्याचा वास येतो आणि मग रंग. आमच्या तळेगावच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे अजून एक खाचर शिल्लक आहे. तिन्ही बाजूंना इमारती उठल्या तरी मालक ते विकत नाही; का, ते कुणाला माहीत नाही. दसरा उलटल्यावर एका सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि तो वास आत आला. इंद्रायणी तांदळाचा, ओलसर, किंचित गोड. मी गॅस बंद केला आणि नुसता उभा राहिलो. या वासावर आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं असे. "चल, हवा भर." म्हणजे सायकलींच्या चाकांत.

ते वाक्य ताईचं. या वर्षी ते म्हणायला ती नव्हती. श्रावणात ती गेली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. माझी बायको लवकर गेली, आणि मुलगी, अनघा, लग्न होऊन पुण्याला गेल्यावर या घरात आम्ही दोघंच उरलो. ताईनं शाळेत भूगोल शिकवला, मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली आणि परत घेतली. ती निवृत्त झाली त्या वर्षी तिनं गिअरची सायकल आणली. मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्यासाठीही एक दाराशी उभी होती. "तुझं सगळं आयुष्य कपाटांच्या सावलीत गेलं," ती म्हणाली, "आता जरा उन्हात ये." पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर क्रिकेटची पांढरी टोपी. पुढे अनघानं हेल्मेट घ्यायला लावलं तेव्हा तिनं ते टोपीच्या वरून घातलं. आम्ही घाट चढू लागलो की रंगीत कपड्यांतली तरुण मंडळी भरकन बाजूनं निघून जात आणि जाताजाता अंगठा दाखवत. ताई त्यांना हात करी आणि हळूच मला म्हणे, "यांना वर पोचायचंय. आपल्याला जायचंय."

तिचे रस्ते नदी ठरवी. मावळात नदी कळली नाही तर रस्ता कळत नाही, असं तिचं मत होतं. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ ही नावंच खोऱ्यांची आहेत. आंबीवरून आंदर मावळात शिरताना कारखान्यांचे भोंगे मागे पडेपर्यंत ती बोलत नसे. मग एका वळणावर साग संपून ऐन-हिरड्याची दाटी सुरू होई आणि तिला कंठ फुटे. लोणावळ्याला पावसाळ्यात आम्ही कधी गेलो नाही. गर्दी ओसरल्यावर, सोनकीची पिवळी फुलं सुकायच्या बेताला आली की जायचो. मांडव उतरवलेल्या लग्नघरासारखं ते गाव तेव्हा थकलेलं आणि मोकळं असे. तिथून घुसळखांबावरून तुंगाच्या पायथ्याशी उतरताना हात ब्रेकवर दुखून येत आणि खाली पवनेचं पाणी एकदम समोर येई. पण भात कापणीचे दिवस मात्र नाणे मावळाचे. कामशेतला जुना हायवे सोडायचा, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, नाणे गाव मागे टाकून कुंडली नदीच्या खोऱ्यात शिरायचं. नदीच्या डाव्या काठानं वर आणि वडिवळ्याच्या बाजूनं, उजव्या काठानं खाली.

हे डावं-उजवं मला कधीच जमलं नाही. वर जाताना नदी माझ्या डाव्या हाताला असे, म्हणून आपण उजव्या काठावर आहोत असं मी दर वर्षी म्हणे. ताई सायकल थांबवे. "काठ नदीचा आहे, तुझा नाही. नदी जिकडे चाललीय तिकडे तोंड करून उभा राहा." मी खरोखरच रस्त्यात वळून उभा राही. शाळेतल्या तिच्या वर्गात मी कधी बसलो नव्हतो, तो वर्ग असा साठीनंतर माझ्या वाट्याला आला.

नाण्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि आश्विन-कार्तिकात तो आणखी अरुंद होतो. शेणानं सारवलेलं खळं आता फारसं कुणी करत नाही. गावापुढचा डांबरी रस्ता हेच खळं. कुणी लाकडी फळीवर पेंढ्या झोडत असतं, कुणी विजेचा पंखा लावून भात वारवत असतं, आणि निम्म्या रस्त्यावर पिवळंधमक भात वाळत घातलेलं असतं. कडेनं ओळीनं दगड मांडलेले, गाड्यांनी लांबून जावं म्हणून. पुण्या-मुंबईहून बंगल्यांकडे निघालेल्या गाड्या हॉर्न वाजवत, कधी दगडांच्या आतूनही जातात. पेंढ्याचा भुसा हवेत उडत असतो. तो घामावर चिकटतो, मानेला खाजतो, घरी आल्यावर अंघोळीच्या पाण्यातही त्याचा वास येतो.

पहिल्या वर्षी अशाच एका ठिकाणी दगडांची ओळ इतकी पुढे आलेली होती, की सायकल न्यायला भाताशिवाय जागा नव्हती. ताई उतरली. सायकल उचलून कडेच्या गवतातून नेऊ लागली. फळीवर पेंढी झोडणारा माणूस थांबला. ते बबनभाऊ.

"बाई, घाला की वरनं. सायकलीनं काय व्हतंय? काल हितनं जेसीबी गेला."

"जेसीबीला कुणी शिकवलं नसेल," ताई म्हणाली. "मला आईनं शिकवलंय."

"मास्तरीण दिसतीय," बबनभाऊ बायकोला म्हणाले. "आगं, पानी आन."

त्या पाण्यापासून सगळं सुरू झालं. भातावरून सायकल न्यायची नाही, उतरून चालत जायचं, हा ताईचा नियम. आणि उतरलेल्या माणसाशी कुणी ना कुणी बोलतंच. सायकलवर असलेला माणूस प्रवासी असतो. सायकल हातात धरून चालणारा पाहुणा होतो. आठ-दहा ठिकाणी उतरायचं, आठ-दहा ठिकाणी पाणी, दोन ठिकाणी चहा. वीस किलोमीटरच्या रस्त्याला आम्हाला पूर्ण दिवस लागायचा. ताईला सगळे "बाई" म्हणत. मी "बाईंचा भाऊ". मला ते पद फार आवडायचं. बोलण्याची जबाबदारी त्यात नव्हती.

रस्ता संपतो तिथे डोंगराच्या पायथ्याला ठाकरवाडी आहे. पंधरा-वीस घरं, मागे जांभूळ-ऐनाचं रान, पुढे ओढा. तिथली हौसामावशी ताईची खरी मैत्रीण. वयानं दोघी बरोबरीच्या, तरी ताई तिला मावशी म्हणे. "मावशी कशाला म्हनती? तुजे केस काळं करत असशील म्हनून न्हानी झालीस व्हय?" असं ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती. ताई तिला जागांची नावं विचारायची. नकाशावर नसलेली. ओढ्याच्या प्रत्येक वळणाला, प्रत्येक मोठ्या दगडाला, खाचराच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. घोड्याची उडी, बाळंतिणीचा डोह, नकटीचं खाचर. ताई ती लिहून घेई आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारी. "मास्तरीण हाय, पन ध्येनात काय ऱ्हात न्हाई," मावशी मला सांगे. मला माहीत होतं की ताईला सगळी नावं पाठ होती. तिला मावशीच्या तोंडून ती ऐकायला आवडत.

नकटीचं खाचर हौसामावशीचं. ओढ्याकाठी, आमच्या दोन खोल्यांएवढं. एका वर्षी मावशी तिथे कापणीला सुरुवात करत होती आणि ताईनं "मला बघू दे" म्हणून विळा मागितला. पहिली मूठ तिनं कापली, वेडीवाकडी. त्या वर्षी रानडुकरांनी वाडीतली शेजारची खाचरं तुडवली आणि हे एक राहिलं. मावशीनं मनाशी काहीतरी ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी आम्ही पोचलो तेव्हा तिची बाकीची शेती कापून झाली होती आणि नकटीचं खाचर उभं होतं. "बाईचा हात लागल्याबिगार इळा लावायचा न्हाई," तिनं सांगितलं. ताईला हे पटलं नाही. शास्त्र, योगायोग वगैरे तिनं समजावून पाहिलं. मावशीनं शांतपणे ऐकलं आणि विळा तिच्या हातात दिला. त्यानंतर दर वर्षी तेच. ताई निवृत्तीनंतर कुठल्या समारंभाला गेली नाही, कुणाच्या सत्काराला गेली नाही. पण या दिवसाला ती नवीन ओढणी काढायची.

या वर्षी तो वास आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सायकलींत हवा भरली. दुसरीत का भरली ते सांगता येणार नाही. एक घेऊन निघालो.

पूल ओलांडला. नदी अजून भरलेली होती, पाणी निवळलेलं. तेरडा संपत आला होता. ताई पुढे असायची तेव्हा मला रस्ता बघावा लागत नसे, तिची पांढरी टोपी बघितली की पुरे. आता पहिल्यांदाच लक्षात आलं की या रस्त्याला किती चढ आहेत.

नाण्याच्या पुढे भात वाळत होतं. मी उतरलो. बबनभाऊंनी लांबूनच हाक मारली.

"आवो, एकलेच? बाई कुटं? का तुमच्या सायकलीनं आज बाजी मारली?"

त्यांच्या मुठीत पेंढी होती, वर उचललेली. ते हसत होते. त्यांची बायको घरातून पाण्याचा तांब्या घेऊन निघाली होती. तांब्यावर दोन पेले. मागे एक गाडी हॉर्न वाजवत होती.

मी म्हणालो, "गुडघा धरलाय तिचा."

मी खोटं का बोललो, यावर नंतर पुष्कळ विचार केला. एकच उत्तर सापडलं. ताई गेल्याची बातमी मी तोवर कुणाला दिलेलीच नव्हती. श्रावणातल्या त्या सकाळी अनघा तासाभरात पोचली आणि सगळे फोन तिनं केले. सोसायटीत कुणीतरी मोबाइलवर कळवलं. जे भेटायला आले ते ऐकूनच आले; मी नुसती मान हलवली. ‘ताई गेली’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडले नव्हते. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाजवळ हे वाक्य तयार नसावं, याची मला त्या रस्त्यावर लाज वाटली. पण तोवर बबनभाऊंची बायको वळून परड्यात गेली होती आणि निरगुडीचा पाला ओरबाडत होती.

"शेकवायचा. तव्यावर गरम करून. आन बांधायचा रातच्याला," ती म्हणाली. "कुटला हाय?"

"डावा."

पुढे मोबाइल होताच; बातमी माझ्याआधी पोचत होती. पुढच्या वस्तीवर चहा देणाऱ्या माणसानं मी सायकल टेकवायच्या आत विचारलं, "बाईंच्या गुडग्याला सूज हाय का नुसती कळ?" त्याच्या पुढे ओढ्यावर एक बाई खेकडे धरत होती, तिला ताईचं नाव माहीत नव्हतं, पण टोपी माहीत होती. "रस्सा करून द्या. हाडाला त्याच्यावानी काय न्हाई." तिनं चार जिवंत खेकडे पळसाच्या पानांत बांधून माझ्या सायकलच्या पिशवीत घातले. तिथून वाडीपर्यंत पिशवीतून त्यांची खरखर येत राहिली. मी एका मेलेल्या बाईच्या गुडघ्यासाठी औषधं गोळा करत चाललो होतो, आणि प्रत्येक औषधागणिक खरं बोलणं अवघड होत होतं.

हौसामावशी ओढ्याच्या बांधावर बसली होती. समोर नकटीचं खाचर उभं, पिकून वाकलेलं. आजूबाजूला सगळं कापलेलं, नुसती धसकटं.

"कुटला गुडगा?" तिनं विचारलं.

"उजवा."

"बबन तर डावा म्हनला."

"दोन्ही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीशी चाळा करू लागलो.

"मावशी, या वर्षी तुम्ही कापून घ्या. तिला यायला जमेलसं वाटत नाही."

"का? मरायला टेकली का काय?" ती हसली. "गुडगाच हाय न्हवं? आठ दिस थांबते. लय तर धा. तिला म्हनावं, रिक्षानं ये, टेम्पोनं ये. हात लावून जा." मग घरात जाऊन तिनं करंजाच्या तेलाची बाटली आणली. "दोनी येळेला चोळ म्हनावं. तू चोळून दे, भाऊ हायेस ना?"

मी उजव्या काठानं खाली आलो. वडिवळ्याच्या धरणाचं पाणी संध्याकाळच्या उन्हात शांत पडलं होतं आणि त्यात डोंगर उलटे दिसत होते. इथे ताई दर वर्षी दहा मिनिटं थांबायची. मी थांबलो नाही.

घरी आल्यावर खेकडे भिंतीपलीकडच्या खाचरात सोडले. निरगुडीचा पाला गॅलरीत वाळला. तेल मात्र टाकवेना. दोन दिवस ती बाटली टेबलावर माझ्या पुस्तकांशेजारी उभी होती, मग मी ते माझ्याच गुडघ्यांना चोळायला लागलो. दोन्ही वेळेला. माझे गुडघे धड आहेत.

पिकून झालेलं भात उभं ठेवलं तर काय होतं, हे मला ताईनंच सांगितलेलं होतं. लोंब्या ठिसूळ होतात. वाऱ्यानं दाणे झडतात, पाखरं येतात, डुकरं येतात. आणि वर पाऊस आला तर भात आडवं पडतं आणि जागीच उगवतं. हौसामावशीच्या घरचं वर्षाचं भात त्या दोन खोल्यांएवढ्या तुकड्यातून येत नाही हे खरं, पण तिची सून त्या तुकड्यातला तांदूळ लेकरांच्या पेजेसाठी वेगळा ठेवते, हे मी पाहिलं होतं. तो तांदूळ आता माझ्या एका खोट्या वाक्यासाठी शेतात थांबला होता.

पाचव्या दिवशी सकाळी आभाळ आलं. दिवाळीच्या तोंडावर येतं तसं, खालून काळं. पेपरात मावळात अवकाळी पावसाची शक्यता दिली होती. मी चहा अर्धा टाकून निघालो.

नाण्याच्या पुढे रस्ता मोकळा होता. सगळ्यांनी भात गोळा करून ढिगांवर प्लास्टिकचे कागद अंथरले होते. बबनभाऊ दिसले नाहीत आणि मला बरं वाटलं. चढावर दम लागला तरी थांबलो नाही. ताईसोबत आलो त्या कुठल्याही वर्षी मी एवढ्या जोरात सायकल मारली नव्हती. ती असती तर म्हणाली असती, कुणी मागे लागलंय का?

हौसामावशी बांधावर उभी राहून पाखरं हाकत होती. मला पाहिल्यावर तिनं माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रिक्षा मागं हाय का?"

"नाही मावशी. ती येणार नाही."

"लय दुकतंय?"

"गुडघ्याला काही झालेलं नव्हतं."

"मंग?"

"श्रावणात," मी म्हणालो आणि पुढचं येईना.

"श्रावनात काय?"

तिनं मला सोडलं नाही. समजलं असूनही तिनं ते माझ्यासाठी पुरं केलं नाही. शेवटी मी म्हणालो, "श्रावणात गेली."

मावशी खाली बसली. पाखरं परत भातावर उतरली, त्यांना कुणी हाकललं नाही.

"श्रावनात," ती म्हणाली. "मंजी आमची लावनी झालती. आन मला आज सांगतोस. माज्याकडनं तेल घिऊन गेलास. काय केलंस त्ये?"

"लावलं."

"कुनाला?"

"मला."

तिचा चेहरा हलला. हसू होतं की दुसरं काही, कळलं नाही. मग ती चिडली. अशी चिडली की घरातून सून बाहेर आली. "धाव्याला सांगायचं न्हाई? आमी आलो असतो. चार बाया आलो असतो, नदीवर उभं ऱ्हायलो असतो. तुज्या एकल्याचीच व्हती व्हय ती?"

दहाव्याला आमच्याकडे पंचवीस माणसं होती, बहुतेक सोसायटीतली. या खोऱ्यातलं कुणीही नव्हतं आणि तेव्हा ते माझ्या मनातही आलं नव्हतं. ताईला मी घरातली समजत होतो. ती या रस्त्यावर किती घरांतली झाली होती, हे मी दर वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मोजणीत धरलं नव्हतं.

मावशीनं आभाळाकडे पाहिलं, पदर खोचला, विळा घेतला आणि पहिली मूठ स्वतः कापली. मला वाटलं होतं, ती थांबेल, काही म्हणेल. ती थांबली नाही. सुनेनं दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. विळ्याचा करकर आवाज, कापलेल्या भाताच्या ताटांचा हिरवा वास, वर जड होत चाललेलं आभाळ. मी बांधावर उभा होतो.

"हुबा काय ऱ्हायलास? बांध."

पेंढी बांधायला मी कधी शिकलो नव्हतो. मूठभर ताटं पिळायची, त्यांचा बंध करायचा, पेंढीखालून घालून गाठ मारायची. माझ्या पेंढ्या उचलल्या की सुटत. मावशी कापता कापता विचारू लागली. कुटल्या वारी? सकाळी का दुपारी? अंगावर काय व्हतं? आदल्या दिशी काय खाल्लं व्हतं? शहरातलं कुणी हे विचारत नाही. तिथे विचारतात, ‘त्रास झाला का?’ आणि मी नाही म्हटलं की त्यांना हायसं वाटतं. इथे मी सगळं सांगत गेलो. मंगळवार. सकाळी. निळा गाऊन. आदल्या दिवशी वरणफळं, तिनंच केलेली.

"जवळ कोन व्हतं?"

"कुणी नव्हतं," मी म्हणालो. "मी बाहेरच्या खोलीत वाचत होतो. ती आत चहा टाकत होती. तिनं हाक मारली. अरे, जरा इकडे ये. मी म्हणालो, आलो, एवढं पान होऊ दे."

हे मी अनघालाही सांगितलेलं नव्हतं.

"मंग?"

"पान संपवलं. गेलो, तर ती ओट्याला टेकून खाली बसली होती. गेली होती."

"काय व्हतं त्या पानात?"

मी आठवून पाहिलं. त्या दिवसापासून मी ते पुस्तक उघडलेलं नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो.

मावशीचा विळा थांबला नाही. ‘तुझा काय दोष’ असं ती म्हणाली नाही, आणि दोष आहे असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं माझ्या हातातली पेंढी उचलून पाहिली. "ही सैल हाय. सोड," ती म्हणाली. मी सोडली. पुन्हा बांधली. ती पुन्हा सुटली. तिनं विळा खाली ठेवला, माझ्या हातांवर हात ठेवून पीळ दिला आणि गाठ आवळली. तिचे हात खरखरीत आणि गरम होते. तेव्हा मला रडू आलं, श्रावणापासून पहिल्यांदा. मावशीही रडली, मोठ्यानं, नाव घेऊन. कापता कापता सूनही रडू लागली. पण कुणाचेही हात थांबले नाहीत, कारण पाऊस डोंगराच्या खांद्यावर आला होता.

पहिले थेंब पडले तेव्हा शेवटचा भारा पडवीत पोचला. थोडंफार भात झडलं होतं, बांधाकडेचं पाखरांनी खाल्लं होतं. मावशीनं ते पाहिलं आणि भारे भिंतीशी सरकवले. पाऊस तासभर पडला. तो थांबल्यावर मी निघालो. मावशी दारापर्यंत आली.

"फोन करू नगंस कुनाला," ती म्हणाली. "मी बी करनार न्हाई. खोटं तोंडानं सांगितलंस, आता खरं बी तोंडानं सांग. परत्येकाच्या दारात थांब."

उजव्या काठानं जायचा नेमाचा रस्ता मी या खेपेला घेतला नाही. ज्यांना खोटं सांगितलं ती माणसं डाव्या काठावर होती. मी आलो त्याच रस्त्यानं उतरू लागलो. धुऊन निघालेला डांबरी रस्ता, कडेला वाहणारं गढूळ पाणी, त्यात तरंगणारे सुटे दाणे. खेकडेवाली ओढ्यावर नव्हती. तिच्या घरी जाऊन सांगितलं. चहावाल्यानं ऐकलं आणि पेटवलेला स्टोव्ह विझवला. या वेळी वाक्य पुरं झालं.

नाण्याच्या अलीकडे बबनभाऊ भाताच्या ढिगावरचा कागद काढत होते. कागदाच्या मधोमध पावसाचं पाणी साचलं होतं आणि चारी कोपरे सांभाळून ते कागद उचलू पाहत होते.

"काय म्हनतोय गुडगा?" ते लांबूनच ओरडले.

मी सायकल स्टँडवर लावली आणि त्यांच्याजवळ गेलो.

"भाऊ, ताई गेली. श्रावणातच गेली. त्या दिवशी मी खोटं बोललो."

बबनभाऊंच्या हातून कागद सुटला. साचलेलं पाणी त्यांच्या पायांवर आणि निम्मं भातावर सांडलं. त्यांनी खाली पाहिलंही नाही. डोक्यावरची टोपी काढून ते घराकडे वळले आणि त्यांनी हाक मारली.

"आगं ए, भाईर ये."

"भाकर तव्यावर हाय," आतून आवाज आला. "आलेच."

"करपू दे. आदी भाईर ये."

आणि ती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली.